लिफ्टशेजारचा डबा

एईडीच्या डब्याला कुलूप लावू नका. एईडी म्हणजे कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला विजेचा शॉक देणारं छोटं यंत्र. बाकीचं सगळं सांगते, पण हे आधी.

मी ३१ वर्षं मुंबईतल्या एका रुग्णालयात आयसीयूची स्टाफ नर्स होते. आता डोंबिवलीत घरी असते. सोसायटीत अजून मला सगळे सिस्टरच म्हणतात, बीपी मोजायला येतात, इंजेक्शन टोचून घ्यायला येतात. काही वर्षांपूर्वी कमिटीने मोठ्या हौसेने एईडी घेतलं. नारळ फोडला, फोटो काढले, पेढे वाटले आणि महागाची वस्तू म्हणून ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली सेक्रेटरींकडे. पुढे सात-आठ महिन्यांनी सी विंगमधले एक काका रात्री जिन्यात कोसळले, तेव्हा सेक्रेटरी मुलीकडे कोल्हापूरला गेलेले. किल्लीही कोल्हापूरला. वॉचमनने शेवटी पहारीने कपाट उचकटलं. तोवर मी आणि काकांचा मुलगा आळीपाळीने छाती दाबत होतो. यंत्र लावलं तर ते म्हणालं, शॉक देण्यासारखं काही नाही. काका गेले. यात सेक्रेटरींना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण कपाटात ठेवायचा ठराव झाला त्या मीटिंगला मीही होते आणि माझाही हात वर होता. एवढी वर्षं क्रॅश ट्रॉलीशेजारी, म्हणजे आणीबाणीच्या सामानाच्या गाडीशेजारी, उभी राहिलेली बाई मी, ट्रॉलीला कुणी टाळं लावत नाही एवढंही मला तेव्हा सुचलं नाही.

आता डबा तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूला भिंतीवर आहे. तो कसा वापरायचा हे मी आसपासच्या सोसायट्यांतून वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका, जिममधली पोरं, सगळ्यांना शिकवते. तेच इथे लिहिते आहे.

आधी यंत्र नक्की करतं काय ते. सिनेमात मॉनिटरवरची रेघ सपाट होते, डॉक्टर छातीवर पॅडल लावतात आणि माणूस उठून बसतो. ते विसरा. सपाट रेघेला शॉक देत नाहीत. शॉक असतो तो हृदय थरथरत असताना. आम्ही वॉर्डात त्याला व्ही-फिब म्हणायचो. मॉनिटरवर लहान पोराने पेन्सिलने गिरगटल्यासारखी रेघ दिसते. हृदयातली प्रत्येक पेशी आपापल्या मनाने हलत असते, त्यामुळे रक्त एक थेंब पुढे जात नाही. ऑफ तासाला मास्तर नसलेल्या वर्गात जो कल्ला असतो तोच. शॉक म्हणजे दारात उभे राहिलेले हेडमास्तर. सगळे एकदम चिडीचूप. मग उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींची एक गाठ असते, ती वर्गाची मॉनिटर. तिच्यात दम उरला असेल तर ती पुन्हा हजेरी घ्यायला लागते. म्हणजे हृदय सुरू होतं ते आपलं आपण. शॉक फक्त गोंधळ बंद करतो.

हार्ट अटॅक आणि कार्डिअॅक अरेस्ट यांत लोक फार गल्लत करतात. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस छाती धरून बसतो, घामाघूम होतो, पण बोलतो. त्याला बसवा, १०८ लावा, डबा आणून शेजारी ठेवा, पण उघडून त्याला चिकटवू नका. अरेस्टमध्ये माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही. पहिल्यातून दुसरं कधीही होऊ शकतं, म्हणून डबा शेजारी.

ओळखायचं असं. दोन्ही खांदे धरून हलवा आणि मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आलं तर छाती वरखाली होते का ते पाहा, दहा सेकंदांच्या वर नाही. नाडी शोधत बसू नका. आमच्यासारख्यांनाही घाईत ती चकवते, आपलीच बोटं थडथडत असतात. आणि इथे एक मोठी फसगत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो, पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं तोंड उघडतो, कधी घोरल्यासारखा आवाज येतो. घरचे म्हणतात, श्वास चालू आहे हो. तो श्वास नव्हे. सुरुवातीला हातपाय झटकतात तेही होतं, मग कुणीतरी फिट आली म्हणून कांदा फोडून आणतं, कुणी नाकाला चप्पल लावतं, कुणी तोंडात पाणी घालतं. मी हे सगळं पाहिलं आहे, एकदा तर एकाच माणसाच्या बाबतीत. कांदा नको, चप्पल नको, पाणी तर नकोच नको. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की अरेस्ट धरून चाला. चुकून शुद्धीतल्या माणसाची छाती दाबलीत तर तो ओरडेल, हात ढकलेल. ओरडला तर चांगलंच.

मग माणसं कामाला लावा. 'अरे कुणीतरी फोन करा' म्हटलं की कुणीच करत नाही. बोट दाखवून सांगा: निळा शर्ट, तू १०८ लाव, स्पीकरवर ठेव. पोरा, तू लिफ्टशेजारचा डबा आण, पळ. वहिनी, तुम्ही गेटवर उभ्या राहा आणि अॅम्ब्युलन्सला विंग दाखवा. आणि एकाने लिफ्ट तळमजल्यावर दार उघडून धरून ठेवायची. हे कुणाला सुचत नाही. खाली अॅम्ब्युलन्स उभी आणि लिफ्ट सातव्या मजल्यावर असं व्हायला नको. तुम्ही एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि लगेच छाती दाबायला लागा.

माणूस पलंगावर असेल तर खाली लादीवर घ्या, गादीवर सगळा जोर गादीतच जातो. छातीच्या मधोमध जे हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला दोनपेक्षा किंचित कमी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, हात मात्र उचलू नका. फासळी कडकन वाजते कधी कधी. वाजू दे. फासळी जुळते. दोन मिनिटांत आपला दाब उथळ होऊ लागतो आणि ते आपल्याला कळत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तोंडाने श्वास द्यायला शिकला असाल तर ३० दाब आणि २ श्वास. शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी जी पद्धत ठरवली आहे तीही नुसतं दाबण्याचीच आहे. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासही लागतात.

आता डबा. उघडल्यावर पहिलं काम यंत्र चालू करणं. काहींत झाकण उघडलं की आपोआप चालू होतं, काहींत हिरवं बटण असतं. माहितीपत्रक वाचू नका. चालू झालं की ते बोलायला लागतं आणि एकेक पायरी सांगतं. अडचण एवढीच की बहुतेक यंत्रं इंग्रजीत बोलतात. आमचा वॉचमन लातूरकडचा, त्याने पहिल्यांदा ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, 'सिस्टर, ही बाई काय म्हणतीया?' म्हणून मी डब्याच्या झाकणावर आतून मराठीत चार ओळींची चिठ्ठी चिकटवली आहे. 'अप्लाय पॅड्स' म्हणजे पट्ट्या चिकटव. 'अॅनालायझिंग' म्हणजे हात काढ. 'शॉक अॅडव्हाइज्ड' म्हणजे सगळ्यांना लांब कर आणि चमकणारं बटण दाब. 'नो शॉक अॅडव्हाइज्ड' म्हणजे छाती दाब. शेवटच्या ओळीखाली मी लाल पेनने दोन रेघा मारल्या आहेत, कारण तिथेच लोक चुकतात. यंत्राने शॉक नको म्हटलं की काही जण समजतात माणूस बरा झाला, काही जण समजतात मेला. दोन्ही नाही. आत्ता शॉकने भागणार नाही एवढाच त्याचा अर्थ.

छाती उघडी करा. बटणं सोडवत बसू नका, कात्रीने कापा. कात्री आमच्या डब्यात आहे, तुमच्यात नसेल तर ठेवा. बाईमाणूस असेल तर इथे सगळ्यांचे हात थांबतात. ब्लाउज कापायचा? चार माणसांत? हो, कापायचा. ब्राही कापायची, पट्टी कातडीला चिकटली पाहिजे. मंगळसूत्र, चेन तोडायची गरज नाही, मानेकडे सरकवा, पट्टीखाली येऊ देऊ नका. भोवती बायकांना पाठ करून उभं करा, ओढणी किंवा चादर धरायला सांगा, पण तो आडोसा होईपर्यंत थांबू नका. माझ्या प्रत्येक वर्गात हा भाग आला की पुरुष खाली बघतात. मी मुद्दाम एखाद्या काकांनाच पुढे बोलावून शिकवायच्या पुतळ्यावरचा ब्लाउज कापायला लावते.

पट्ट्यांवर चित्र असतं. एक उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. दुसरी डाव्या काखेखाली, कुशीवर. ही दुसरी नेहमी चुकते. लोक ती पुढे स्तनाजवळ लावतात. करंट दोन पट्ट्यांच्या मधून जातो आणि हृदय त्या वाटेवर आलं पाहिजे, म्हणून ती कुशीवर नेऊन लावा. फोनला स्क्रीनगार्ड लावताना जशी हवा काढत जातो तशी एका कडेने दाबत न्या. डावी-उजवी उलट लागली तर काढू नका, चालतं. आणि एक जण पट्ट्या लावत असताना दुसऱ्याने छाती दाबणं थांबवायचं नाही.

चिकटण्यावरून आठवलं. गेल्या वर्षी मे महिन्यात सकाळी साडेसहाला आमच्या बॅडमिंटन कोर्टवर ए विंगमधला एक गडी सर्व्हिस करता करता आडवा झाला. वय पन्नाशीच्या आत. वॉचमनने मला फोन केला आणि मी उतरेपर्यंत डबा कोर्टवर पोचला होता, छाती दाबणंही सुरू होतं. टी-शर्ट कापला तर खाली घामाने चिंब आणि अस्वलासारखे केस. मी पहिल्या पट्ट्या तशाच लावल्या आणि यंत्र म्हणायला लागलं, पट्ट्या तपासा. आयसीयूत जेली लावून पॅडल दाबायची सवय, तिथे केसांचं एवढं कधी नडलं नव्हतं. डब्यात रेझर नव्हता. मग दोन्ही पट्ट्या खसकन ओढून काढल्या, त्यांच्याबरोबर केस निघाले. गळ्यातल्या ओढणीने घाम पुसला आणि जादा ठेवलेली दुसरी जोडी लावली. या वेळी चिकटली. 'अॅनालायझिंग.' मी हात वर केले, ओरडले, सगळे बाजूला. त्याचा पार्टनर त्याचा पाय धरून रडत होता, त्याला वॉचमनने बखोटीला धरून मागे खेचलं. बटण दाबलं. सिनेमात उडतात तसं कुणी हातभर उडत नाही. खांदे आणि छाती एकदम आखडली, झोपेत दचकावं तशी. आणि लगेच, काय झालं ते न बघता, पुन्हा दाबायला सुरुवात. शॉकनंतर हृदय लागलीच जोमाने पंप करत नाही, त्याला बाहेरून हात लागतो. मिनिटभरात त्याने कण्हून माझं मनगट धरलं. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा तो डोळे उघडून वरच्या पत्र्याकडे बघत होता. पुढे अँजिओप्लास्टी झाली, आता चालायला जातो. महिनाभर त्याच्या छातीवर दोन चौकोनी टकलं होती.

तेव्हापासून डब्यात वाण्याकडचे दोन साधे रेझर, एक जाड सुती पंचा आणि पट्ट्यांची जादा जोडी असते. छाती कोरडी हवी, पाठ ओली असली तरी बिघडत नाही. माणूस साचलेल्या पाण्यात पडला असेल तर मात्र आधी ओढून बाहेर घ्या. छातीवर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढून पुसा. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर त्यावर लावू नका, चार बोटं लांब लावा. घरी ऑक्सिजन चालू असेल तर मास्क छातीपासून निदान मीटरभर लांब ठेवा.

मूल असेल तर? आठ वर्षांच्या आतलं किंवा २५ किलोच्या खालचं असेल तर लहान मुलांच्या पट्ट्या, किंवा यंत्रावर मुलांसाठी बटण असेल तर ते. दोन्ही नसेल तर मोठ्यांच्याच लावा, एक छातीच्या मध्यावर आणि एक पाठीवर, म्हणजे एकमेकींना चिकटणार नाहीत. लहान आहे म्हणून यंत्र बाजूला ठेवू नका.

'चुकून शॉक बसून माणूस मेला तर?' हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. यंत्र आधी हृदयाची चाल वाचतं आणि शॉक लागत असेल तरच बटण जिवंत होतं. नको असेल तर तुम्ही बटण शंभरदा दाबा, काही होत नाही. काही यंत्रांना बटणच नसतं, तीन-दोन-एक म्हणून आपली आपण शॉक देतात. तुमचं कुठल्या जातीचं ते आधीच बघून ठेवा. दर दोन मिनिटांनी ते पुन्हा तपासतं. तेवढ्यापुरते हात काढायचे, मग परत दाबायचं. माणूस हलला, नीट श्वास घ्यायला लागला तर कुशीवर वळवा, पण पट्ट्या काढू नका आणि यंत्र बंद करू नका. हृदय परत थरथरायला लागू शकतं. अॅम्ब्युलन्सवाल्यांना यंत्र दाखवा, त्यात सगळं नोंदलेलं असतं.

वेळेचं एवढ्यासाठी म्हणते की काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते. लास व्हेगासच्या जुगारघरांत सुरक्षारक्षकांना एईडी शिकवलं होतं, त्याचा अभ्यास २००० साली छापून आला. ज्यांच्या हृदयाची चाल शॉक देण्याजोगी होती आणि ज्यांना कोसळताना कुणी पाहिलं, त्यांच्यातले तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेले ७४ टक्के लोक जिवंत घरी गेले. तीन मिनिटांनंतर मिळालेले ४९ टक्के. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, वॉचमन होते. मी वर्गात वॉचमनमंडळींना हे सांगते तेव्हा ती थोडी ताठ बसतात. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १९४७ साली क्लीव्हलँडला डॉ. क्लॉड बेक यांनी १४ वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला थेट शॉक देऊन त्याला वाचवलं. १९६५मध्ये बेलफास्टला डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी अॅम्ब्युलन्समध्ये नेता येईल असं यंत्र केलं, त्याचं वजन ७० किलो होतं आणि ते गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं. आमचं यंत्र दहावीतली पोरगी एका हातात घेऊन पळते.

ते कुठे लावायचं याचा हिशेब सोपा आहे. सर्वांत लांबच्या दारापासून पळत जाऊन घेऊन परत यायला तीन मिनिटांच्या आत जमलं पाहिजे. स्टॉपवॉच लावून पळून बघा, नकाशावर बोट फिरवू नका. आमच्याकडे डी विंगच्या टेरेसवरून साडेचार मिनिटं लागली, तेव्हा दुसऱ्या यंत्राचा विषय निघाला. तो अजून कमिटीत अडकला आहे. पत्र्याच्या वॉचमन केबिनमध्ये ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात तिथे भट्टी होते आणि बॅटरी नि पट्ट्यांवरचा डिंक दोन्ही खराब होतात. चोरीची भीती वाटत असेल तर दार उघडलं की भोंगा वाजेल असा डबा मिळतो, कॅमेऱ्यासमोर लावा. आमचा एकदाही चोरीला गेलेला नाही. पोरांनी दोनदा उघडला, भोंग्याला घाबरून पळाली.

पट्ट्यांवर तारीख असते, साधारण दोन वर्षांची. तारीख उलटली की डिंक वाळतो. बॅटरी काही वर्षं टिकते, पण यंत्र रोज स्वतःला तपासतं आणि दिव्याने सांगतं. तो दिवा कुणीतरी बघायला हवा. आमचा वॉचमन सकाळी पाण्याची टाकी, मोटर आणि लिफ्ट यांची नोंद करतो, त्याच रजिस्टरला मी पट्टीने आखून आणखी एक रकाना पाडला. रोज तिथे तो 'हिरवा' असं लिहितो. श्रावणात एक दिवस 'हिरवा' खोडून 'चिवचिव करतंय' असं लिहिलेलं सापडलं. रात्रभर त्याला वाटलं होतं लिफ्टच्या फटीत रातकिडा शिरलाय, सकाळी झाडू घेऊन शोधलाही. बॅटरी संपत आली होती. नवी यायला नऊ दिवस लागले, आता सहा महिने आधीच मागवते.